चौदा दिवस जुनं हाड

ऐक मेघा, मध्ये काही बोलू नको, फक्त ऐक. तू म्हणशील सुरुवातीपासून सांग, पण सुरुवात कुठे आहे तेच मला कळत नाहीये, म्हणून मी परवापासून सांगते, प्लास्टर काढायला गेलो होतो तिथून. मी आणि पप्पा. तो कंपाउंडर ती छोटी गोल करवत घेऊन बसला, घर्रर्र आवाज, पांढरी भुकटी उडतेय, आणि आपल्याला वाटतं आता हातच कापला जाणार, पण त्याला रोजचंच ना, तो आपला गप्पा मारत होता. म्हणे, "ताई, हाड मोडून किती दिवस झाले?" आणि अगं, मी विचारच नाही केला, माझं सगळं लक्ष करवतीवर, मी म्हटलं, "शहात्तर." करवत थांबली. "शहात्तर? फाइलवर तर बासष्ट होतात." मी म्हटलं, हां हां, बासष्ट, चुकले मी. तो हसला, "परदेशात मोडलं म्हणून तिथली तारीख लावली का काय," आणि पुन्हा घर्रर्र. पप्पा हसले नाहीत. ते भिंतीजवळ उभे होते, एक्सरेची पिशवी छातीशी धरून. भिंतीवर कॅलेंडर होतं, कुठल्या तरी पतपेढीचं. पप्पांनी त्याची मागे वळवलेली पानं पुढे आणली, एक, दोन, आणि बोटाने एका रविवारपाशी थांबले. मला तिथून दिसत नव्हतं कुठला रविवार, पण मला माहिती होतं. मग त्यांनी पानं होती तशी नीट मागे टाकली आणि म्हणाले, "झालं का हो?" एवढंच. कंपाउंडरने प्लास्टरची दोन्ही टरफलं उघडली आणि आतून माझा हात निघाला, बारीक, पांढुरका, वास मारणारा, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा, आणि मला त्या हाताची लाज वाटली, खरं सांगते.

तू पुण्याला गेलीस, तुला सगळं फक्त माझ्या स्टेटसवरून माहिती. फोटो, फुलं, विमानाची खिडकी. त्यात काही नसतं गं. तुला पप्पांचं दुकान आठवतं ना, मेहरूणचं, ग्रिल आणि गेट करतात ते. मी बारा वर्षांची होते तेव्हा तलावाच्या कडेच्या ट्रॅकवर एक मुलगा स्केटबोर्ड चालवताना पाहिला आणि घरी येऊन रडले की मला तेच पाहिजे, आणि सगळे हसले, आणि पप्पा नाही हसले. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, थांबवून थांबवून, खेळाकडे नाही, रॅम्पकडे. हा अँगल किती, ही शीट किती जाडीची. पंधरा दिवसांत दुकानामागे माझा रॅम्प उभा. बेबाआत्या असोद्याहून बघायला आली आणि म्हणाली, "व माय, ह्या चाकाच्या पाटावर बसून तू परदेशात जाशीन का व?" पप्पा म्हणाले, "जाईन ती." म्हणजे तेव्हाच. मी तेव्हा सरळ उभीसुद्धा राहू शकत नव्हते त्याच्यावर. आणि पप्पांचा एक नियम आहे, तुला माहिती नसेल, लोखंडाची कुठलीही वस्तू रंगवल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. आधी रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट. गिऱ्हाईक म्हणतं राहू द्या हो, आम्ही मारून घेऊ, पप्पा म्हणतात, कच्ची वस्तू माझ्या हातून जाणार नाही. रॅम्प दुकानामागेच होता म्हणून पाच वर्षं बिनरंगाचा राहिला. खरबरीत, थोडा गंजका, माझ्या चाकांनी घासून मधे चांदीसारखा झालेला. मला त्याचा आवाजसुद्धा पाठ होता.

आणि ज्योत्स्ना. ज्योत्स्ना धुळ्याची. तुला फोटोत दिसली असेल, बारीक, कान मोठे, नेहमी भावाचा शर्ट. ललित सर धुळ्याचे, ते शिकवायचे, म्हणून दर रविवारी मी सकाळच्या एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला, आणि पांझरेच्या काठच्या सिमेंटवर आम्ही दोघी दिवसभर पडत असायचो. हो, पडतच. खेळ तोच आहे गं, पडायचं आणि परत वर जायचं. तिची आजी धुरपदाबाई डबा घेऊन यायची, लांबूनच ओरडायची, "बठ्ठा दिन पडापडी चालू शे तुमनी, आते जेवाले बसा!" आणि ज्योत्स्ना म्हणायची, आजी, आम्ही पडत नाही, शिकतो, आणि आजी म्हणायची, "मंग शिकानं कमी करा, गुडघा फुटी जाईन." मी खोटं नाही सांगणार, ज्योत्स्ना माझ्यापेक्षा चांगली आहे. उंच उडत नाही, पण तिचा पाय बोर्डावर परत येतो तेव्हा आवाज होत नाही. माझा होतो. परदेशातल्या ज्युनिअर स्पर्धेसाठी निवड चाचणी होती, तिच्यात तिचा शेवटच्या उडीला हात टेकला आणि मी पुढे गेले, थोडक्यात, अर्ध्या गुणाच्याही आत. भारताकडून दोन मुली, दुसरी मी. राखीव ज्योत्स्ना. राखीव म्हणजे पासपोर्ट तयार ठेवायचा, बॅग भरून ठेवायची, आणि दुसरी कुणीतरी मोडण्याची वाट बघायची नाही असं स्वतःला सांगत राहायचं. तिने मला मिठी मारली होती त्या दिवशी. म्हणाली, "कामे, तू जा, मी इथून शिव्या देते." तिला डिसेंबरात अठरा पूर्ण होत होती, म्हणजे ज्युनिअरमधून बाद. घरी तिने सांगितलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर डी. फार्म. तिच्यासाठी तेवढं एकच दार होतं आणि त्या दारात मी उभी होते. आता पुढचं ऐक.

जायच्या अकरा दिवस आधी सत्कार ठेवला. जाण्याआधी, हं. मी काही जिंकले नव्हते, अजून विमानातसुद्धा बसले नव्हते, पण आपल्याकडे जाणं हेच जिंकणं. आमच्या वॉर्डाचे अण्णा आहेत, नाव नको घ्यायला, त्यांनी दुकानासमोर रस्त्यावर मांडव टाकला, फ्लेक्स लावला, त्यावर माझा फोटो मतदान कार्डाएवढा आणि अण्णांचा दरवाजाएवढा. आणि पप्पांनी, मेघा, पप्पांनी आदल्या दिवशी रॅम्पला रंग दिला. मला न सांगता. सरप्राइज. मी धुळ्याहून आले तर रॅम्प रस्त्यावर, केशरी, पांढरा, हिरवा, असा चकचकीत की त्यात मांडवाचे दिवे दिसत होते. पप्पांच्या नखांत तिन्ही रंग. म्हणाले, "पाह्य कसा चमकू राह्यला. दुकानाबाहेर काढला म्हणून म्हटलं, कच्चा कसा काढू?" मी हात लावून पाहिला. वाळलेला होता तसा, पण काचेसारखा. मी म्हटलं, पप्पा, घसरेल हो. ते म्हणाले, "काबर घसरेल? दोन हात दिले आहेत." म्हणजे त्यांच्यासाठी दोन हात रंग म्हणजे पक्की वस्तू. मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं की मी चढणार नाही. एवढंच वाक्य. पण त्यांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेषा तशाच होत्या त्याच्यावर, आणि बेबाआत्याने माझ्या बोर्डाला हळद-कुंकू लावून चाकाखाली चार लिंबं ठेवली होती, नव्या मोटरसायकलीला ठेवतात तशी, आणि माइकवाला ओरडत होता की आता आपली कन्या आपल्याला प्रात्यक्षिक दाखवेल. मी हळूच गेले. हळूच, साधी उडी, वर, खाली, झालं. टाळ्या. मी वाचले असं वाटलं. तेवढ्यात शूटिंगवाला पोरगा खाली वाकून म्हणतो, "ताई, परत एकदा घ्या ना, अण्णा फ्रेममध्ये नव्हते." आणि पप्पा पलीकडून, "घे ना बेटा, जोरात घे!"

जोरात घेतली. हिरव्यावरून पांढऱ्यावर गेले तेव्हाच चाकं सुटल्याचं कळलं, पायाखाली काही नाही असं, आणि मग रस्ता. डावा हात आधी टेकला. आवाज आला का, मला आजही सांगता येत नाही, ढोल वाजत होता ना. आत ओली काडी मोडल्यासारखं झालं, अंगठ्याच्या खाली, आणि थंड वाटलं, दुखलं नाही, थंड. लोकांना वाटलं हा पण खेळच आहे, त्यांनी जास्त टाळ्या वाजवल्या. मी उठले. पप्पा हसत होते, त्यांनी अंगठा दाखवला. आणि मग अण्णांनी शाल घातली आणि नारळ पुढे केला, आणि नारळ एका हाताने घेतात का गं? दोन्ही हात पुढे केले. तो नारळ, मेघा. पाणीदार, जड. फोटोवाला म्हणे इकडे बघा, अजून एक, अण्णा थोडं वर धरा, आणि मी तो नारळ धरून हसत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे मांडवाचं कापड लांब जायचं, जवळ यायचं. तो फोटो तू लाइक केलास. बदाम टाकलास त्याच्यावर. चिडत नाहीये मी, नुसतं सांगतेय.

त्यानंतरचे दिवस मला तासातासाने आठवतात. टूथपेस्टचं झाकण दातांनी उघडायचं. नळ कोपराने. डाव्या हाताने काय काय करतो आपण ते मोडल्यावरच कळतं. केस बांधता येईनात तेव्हा मी आईला म्हटलं, तूच घालून दे ना वेणी, आणि आई एवढी खूश झाली, म्हणाली, जायच्या आधी लाडात आलीय पोरगी, आणि मी पाठमोरी बसून तिच्या बोटांखाली रडत होते, तिला वाटलं गुंता ओढला. क्रेप बँडेज बांधलं, विचारलं तर सपोर्ट आहे म्हटलं, खेळाडू बांधतात. डॉक्टरकडे गेले नाही. गेले तर एक्सरे, एक्सरेत दिसलं तर संघातून नाव जाणार, आणि नाव गेलं की सगळे विचारणार, का मोडलं, कशावर मोडलं, कुणी रंगवलं. पप्पा रोज गिऱ्हाइकांना तो व्हिडिओ दाखवायचे. त्यात मी वर जाते, अण्णा टाळ्या वाजवतात, आणि तिथेच संपतो. पडणं कापलं होतं त्या पोराने. पप्पांनी तर तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की मला वाटतं त्यांच्याही डोक्यातून पडणं कापलं गेलं. आणि पाचव्या दिवशी ललित सरांचा फोन. सर म्हणाले, "कामिनी, फिट आहेस ना? आज पाचपर्यंत नावं पक्की करायची आहेत. नंतर बदल नाही. काही असेल तर आत्ता बोल, ज्योत्स्ना तयार आहे." ज्योत्स्ना तयार आहे. मी बाथरूममध्ये होते, बादलीवर बसलेली. त्या क्षणी मला दोन गोष्टी दिसल्या. पप्पा रंगाचा डबा घेऊन, आणि ज्योत्स्ना, विमानात, माझ्या खिडकीशी. आणि खरं सांगू? मला पहिलीपेक्षा दुसरी जास्त सहन होईना. सगळ्यांना मी सांगेन की पप्पांसाठी लपवलं. पण तुला सांगते, निम्मं पप्पांसाठी होतं. निम्मं नव्हतं. मी म्हटलं, "एकदम फिट सर."

तिथलं तुला काय सांगू. गरम होतं, आपल्या मे महिन्यासारखं, पण ओलं. स्केटपार्क असं की सगळं सिमेंट गुळगुळीत, निळं, एक ओरखडा नाही. बारा बारा वर्षांच्या पोरी, त्यांचे आईबाप बाजूला खुर्च्या टाकून. पंचेचाळीस सेकंदांचा एक रन, असे तीन, पडलं की तो रन तिथेच संपला. गोळ्या खाऊन गेले. पहिल्यात सहाव्या सेकंदाला, कठड्याला हात लावून वळायचं होतं, तो हात तिथे नव्हताच, म्हणजे होता, पण माझ्या म्हणण्यात नव्हता. पडले. दुसरा, तिसरा दिलाच नाही. सगळ्यांत शेवटचं नाव माझं. पण गंमत सांगू, पडल्यावर मला बरं वाटलं. एकदम सुटल्यासारखं. आता रडता येईल, आता हात धरता येईल, आता मोडला असं म्हणता येईल. मी तिथे जमिनीवर पडून जोरात ओरडले, चौदा दिवसांचं एकदम. तिथल्या डॉक्टरने एक्सरे लावला उजेडावर, बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश इंग्रजीत सरांना सांगितलं की हे आजचं नाही, दोन आठवडे तरी झालेत, कडा बोथट झाल्या आहेत. ललित सरांनी ती काळी फिल्म घेऊन पुन्हा उजेडाला धरली. मग मला मराठीत विचारलं, "कधी?" मी म्हटलं, "इथंच सर. आत्ता." ते म्हणाले, "ठीक." फॉर्मवर तेच लिहिलं. परतीच्या विमानात माझ्या शेजारची सीट सोडून ते मागे जाऊन बसले. घरी आले तर पुन्हा हार. प्लास्टरवर लोकांनी सह्या केल्या. जखमी वाघीण, असा मथळा आला होता कुठेतरी, पप्पांनी कात्रण दुकानात लावलं.

तर परवा प्लास्टर निघालं, आणि आम्ही गाडीवरून घरी निघालो. मी मागे बसले होते, पप्पांच्या मानेकडे बघत. मला वाटलं आता विचारतील, सिग्नलला, घरी, जेवताना. नाही. भाजी वाढ म्हणाले. आणि काल दुपारी, रविवार, आई असोद्याला गेलेली, दार वाजलं तर ज्योत्स्ना. एकटी. धुळ्याहून एसटीने. हातात आजीने दिलेली लसणाच्या चटणीची बरणी. कॉलेजला अॅडमिशन घेतलं म्हणे, ओळखपत्र दाखवलं, फोटोत कान अजून मोठे दिसत होते, आम्ही हसलो त्याच्यावर, खरंच हसलो. मग तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला, अंगठ्याच्या खाली जो खळगा असतो तिथे बोट ठेवलं, हलकेच दाबलं. "इथं ना?" मी म्हटलं हो. ती बोट तिथेच ठेवून म्हणाली, "कामे, एक विचारू? मग परत कधी नाही विचारणार. एअरपोर्टच्या फोटोत तुझ्या उजव्या हातात बॅग होती आणि बोर्डसुद्धा उजव्याच काखेत. तू बोर्ड कधीच उजवीकडे धरत नाहीस. पाच वर्षांत एकदाही नाही. हात कधी मोडला?"

मी तोंड उघडलं होतं, मेघा. शपथेवर सांगते, मी सांगणार होते. सगळं शब्दांत तयार होतं, रंग, नारळ, बादली, सगळं. आणि स्वयंपाकघरातून पप्पा आले, चहाचे दोन कप घेऊन. पप्पांनी कधी चहा केलेला मी पाहिला नाही. उभेच राहिले आणि तिला म्हणाले, "तिथंच मोडला बेटा. मी स्वतः बोललो ना त्या डॉक्टरशी फोनवर. म्हणे एकदम ताजं आहे." बोलले. डॉक्टरशी. माझे पप्पा. जे गिऱ्हाइकाला उद्या देतो म्हणत नाहीत उद्या होणार नसेल तर, ज्यांना इंग्रजीची दोन वाक्यं येत नाहीत. आणि ते तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मला अजून कळलेलं नाही ते कोणाला वाचवत होते. मला, की स्वतःला, की त्यांना वाटलं मी इतके दिवस त्यांच्यासाठी गप्प राहिले, तर आता त्यांची पाळी. मी निम्मंच त्यांच्यासाठी गप्प होते हे त्यांना कुठे माहितीये. त्यांच्या हातातल्या बशांत चहा सांडलेला. ज्योत्स्नाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा हात तसाच तिच्या मांडीवर. म्हणाली, "हो का गं?"

मी म्हटलं, "हो."

तिने बोट काढून घेतलं. म्हणाली, "मग ठीक," सरांसारखंच, आणि चहा प्यायली, पूर्ण, सावकाश, कप विसळून ठेवला. सव्वाचारची गाडी आहे म्हणाली. पप्पा म्हणाले चल, स्टँडवर सोडतो, आणि ती नको म्हणाली नाही. मी दारात उभी राहून बघत होते, पप्पा पुढे, ती मागे, दोघांच्या मधे एवढी जागा की तिसरं कुणी बसलं असतं. पप्पा अर्ध्या तासाने आले. म्हणाले, गाडी मिळाली तिला, खिडकीची जागा. आणि आंघोळीला गेले, दुपारी साडेचारला.

नाही, थांब, लगेच नको बोलू. बिचारी मी, असं तर अजिबात नको म्हणू. सांगायला पाहिजे होतं, हे सगळ्यांना सुचतं, मलाही सुचतं, आता, बसल्या बसल्या. तू तिथे स्वतःला बसव. तिचं बोट त्या खळग्यावर आहे, समोर पप्पा कप धरून उभे आहेत, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलून तुझ्या तोंडाकडे बघत, आणि ती म्हणतेय, हो का गं. आता बोल. तू काय केलं असतंस?